क्षमा कशी करावी: घाई न करता, खोटं न बोलता

क्षमा करावी की नाही, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला फारसा पडत नाही. त्याचं उत्तर लहानपणीच पाठ झालेलं असतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना दर वेळी आपण आपल्याच तोंडाने देवाला सांगतो, की आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं आहे, तसं तू आम्हाला सोड. अडतं ते पुढे. ज्याने फसवलं, मारलं, बदनाम केलं किंवा ऐनवेळी एकटं टाकलं, त्याचं नाव निघालं की पोटात गोळा येतो आणि ‘मी क्षमा केली’ हे वाक्य घशात अडकतं. ‘क्षमा करा’ हे उपासनेत कितीदा तरी ऐकलेलं असतं. ‘अशी करा’ हे शेजारी बसून सांगणारं माणूस क्वचित भेटतं.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांची क्षमा फसते ती मन कठोर असतं म्हणून नव्हे. ती घाईमुळे फसते. देणं किती आहे हे न बघताच ते माफ करून टाकलं जातं, आणि मग दर काही महिन्यांनी त्यातली एखादी विसरलेली रक्कम अचानक वर येते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय एकदा सलग वाचून पाहा. राजाने अफाट कर्ज सोडलेला चाकर बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा गळा धरतो, तो दृष्टान्त या अध्यायाच्या शेवटी आहे, आणि क्षमेवरची प्रवचनं बहुधा तिथूनच सुरू होतात. अध्यायात मात्र त्याआधी बरंच काही आहे. सुरुवातीला येशू लहानग्यांविषयी बोलतो: त्यांच्यातल्या एकालाही जो अडखळवील, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे बरं, इतक्या कडक शब्दांत. पुढे हरवलेलं मेंढरू येतं. त्यानंतर, भावाने तुझा अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या विश्वासी जनांना, सांग. एवढं सगळं झाल्यावर येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू? आधी दुबळ्याचं रक्षण, मग अपराध स्पष्ट सांगणं, मग क्षमा, असा हा ओघ आहे. शेवटचं पान तेवढं फाडून दुखावलेल्याच्या हातात ठेवणं हा वचनावरही अन्याय आहे आणि त्या माणसावरही.

आधी धोका थांबवा

जखम अजून रोज होत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा. घरात मारहाण होत असेल, कोणी लहान मुलाला त्रास देत असेल, कोणी पैशांसाठी धमकावत असेल, तर पहिलं काम क्षमा हे नाही. विश्वासाच्या माणसाला सांगा, पोलिसांत जा, घर सोडावं लागलं तर सोडा. राजा शौलाने आपल्या पदरच्या दावीदावर भाला फेकला तेव्हा दावीद तिथे प्रार्थना करत उभा राहिला नाही, तो निसटला. शौलाला त्याने पुढे जिवंत सोडलं, तेही दोनदा. पण भाल्याच्या टप्प्यात उभं राहून नव्हे.

पहिली पायरी: हिशेब लिहून काढा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. इथे आळस केला तर पुढचं सगळं पोकळ होतं.

एक निवांत तास काढा, कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. नेमकं काय घडलं. त्यामुळे माझं काय गेलं. आणि त्यानंतर मी कशी व्यक्ती झालो किंवा झाले.

पहिल्या भागात विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. ‘तो माझ्याशी फार वाईट वागला’ याने काहीच कळत नाही. ‘भावाने आजारी वडिलांची सही घेऊन घर स्वतःच्या नावावर केलं, आणि मला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं’ हे वाक्य लिहिल्यावर दोन अपराध वेगळे दिसतात: घर घेणं आणि लपवणं. अनेकदा लोकांना आश्चर्य वाटतं, कारण लिहिताना कळतं की घराचं दुःख केव्हाच ओसरलंय, टोचतंय ते लपवणं. कशाची क्षमा करायची आहे हेच माहीत नसेल तर करणार कशाची?

दुसऱ्या भागात नुकसान. पैसा, नोकरी, तब्येत हे सहज सुचतं. न दिसणारंही लिहा: वडिलांसोबतची शेवटची दोन वर्षं, सणासुदीला एकत्र बसणं, कोणावर चटकन विश्वास टाकण्याची सवय. मंडळीतल्याच कोणी दुखावलं असेल तर प्रार्थना करण्याची इच्छासुद्धा या यादीत येऊ शकते. ते लिहिताना लाजू नका.

तिसरा भाग अवघड आहे, कारण तिथे आपलं रूप दिसतं. संशयी झालो, मुलांवर ओरडायला लागलो, त्याचं कुठे वाईट झालं की मनातून सुखावलो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कडवटपणाच्या मुळाविषयी ताकीद आहे: ते वाढलं की त्याने पुष्कळ जण बिघडतात. आपल्या कडवटपणाची झळ बहुधा अपराध्याला लागतच नाही. ती घरातल्या माणसांना लागते.

कागदावर त्याची बाजू मांडू नका. ‘त्याचीही काही अडचण असेल’, ‘माझंही थोडं चुकलंच’, ही वाक्यं खरी असतील, पण त्यांची जागा पुढे आहे. समजून घेणं वेगळं आणि क्षमा करणं वेगळं. ज्याला खरोखर दुसरा मार्गच नव्हता, त्याचं म्हणणं समजून घेतलं की झालं. क्षमा लागते ती ज्याला दुसरा मार्ग होता त्याच्यासाठी.

लिहून झालं की दार लावून तो कागद देवापुढे मोठ्याने वाचा. हे कोणाला उद्धटपणाचं वाटेल, पण स्तोत्रसंहिता अशाच वाचनाने भरलेली आहे. ५५ वं स्तोत्र शत्रूविषयी कमी आणि मित्राविषयी जास्त आहे. वैऱ्याने निंदा केली असती तर सोसली असती, असं म्हणून कवी ज्याच्याबरोबर तो देवाच्या घरी जात असे त्या सोबत्याकडे बोट दाखवतो. १०९ व्या स्तोत्रात तर असे शाप आहेत की ते उपासनेत वाचायला पाळक कचरतात. पण ते शाप कोणाला ऐकवले आहेत ते बघा. वैऱ्याच्या दारात जाऊन ते म्हटलेले नाहीत, देवाला सांगितलेले आहेत. राग जिथे सुरक्षितपणे ओतता येतो अशी ती जागा आहे. ‘रागवा, पण पाप करू नका’ असं प्रेषित पौल इफिसकरांना लिहितो, म्हणजे राग येणार हे त्याने धरलेलंच आहे.

या कामात एक फायदा अनायासे होतो. यादीतल्या काही गोष्टी अपराध नव्हत्याच, हे दिसू लागतं. लग्नाला बोलावलं नाही, मत पटलं नाही, फोन उचलला नाही. त्यांच्यावर रेघ मारा. कलस्सैकरांच्या पत्रात ‘एकमेकांचं सहन करा’ आणि ‘एकमेकांना क्षमा करा’ अशी दोन वेगळी कामं सांगितली आहेत. रोजच्या धक्काबुक्कीला सहन करणं पुरतं, तिथे क्षमेचा सोहळा मांडला की उलट मन दुखावलं जातं.

दुसरी पायरी: दृष्टान्तातले दोन आकडे

आता त्या चाकराकडे. राजाचं त्याच्यावरचं देणं दहा हजार तालांत होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर हे कर्ज फिटायला दोन लाख वर्षं लागतील. ‘मला वेळ द्या, सगळं फेडतो’ असं तो चाकर राजाला म्हणतो, ते ऐकून येशूच्या श्रोत्यांना हसू आलं असेल.

त्याच्या सोबत्याचं त्याला देणं होतं शंभर दीनार. हा आकडा बहुतेक ठिकाणी ‘क्षुल्लक’ म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच गफलत होते. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची कमाई, तीन महिन्यांहून अधिक. मजुराच्या घरात तेवढ्या पैशांनी चूल पेटते किंवा विझते. तुमची जखम शून्य आहे असं येशू कुठेही म्हणत नाही. ती खरी आहे, मोजता येण्याजोगी आहे, आणि तरीही देवाने तुमचं जे सोडलं आहे त्याच्यापुढे ठेवून पाहा, एवढंच तो म्हणतो.

म्हणून या पायरीवर एक छोटं काम. पहिल्या कागदाच्या मागे, देवाने तुमचं काय सोडलं आहे ते लिहा. मोघम ‘मी पापी आहे’ नको, नावानिशी आणि प्रसंगानिशी. मनाला समानतेवर आणण्यासाठी हे आहे, जखम लहान करण्यासाठी नाही. ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाला त्यांनी मात्र ही पायरी एकट्याने करू नये. स्वतःलाच दोषी धरण्याची सवय तिथे आधीच खोल गेलेली असते, आणि हे लिखाण तिला खतपाणी घालतं. जाणत्या समुपदेशकाबरोबर बसून, आणि तेही पुष्कळ पुढे जाऊन, हे करता येईल.

तिसरी पायरी: परतफेडीचा हक्क देवाकडे सोपवा

क्षमेत सोडायचं काय असतं? आठवण नाही, सत्य नाही, न्यायाची इच्छाही नाही. सोडायचा असतो स्वतःच्या हातांनी परतफेड करण्याचा हक्क. रोमकरांच्या बाराव्या अध्यायात पौल सूड घेऊ नका असं सांगतो आणि लगेच कारण देतो: सूड घेणं माझ्याकडे आहे, मी फेड करीन, असं प्रभू म्हणतो. हिशेब मिटलेला नसतो, तो फक्त दुसऱ्या न्यायाधीशाकडे जातो. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात येशूविषयी नेमकं हेच लिहिलंय: निंदा होत असताना त्याने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवलं.

परतफेड म्हणजे फक्त मारणं किंवा सूडापोटी कोर्टात खेचणं नव्हे. आपल्यासारख्या सभ्य माणसांच्या पद्धती निराळ्या असतात: चारचौघांत टोमणा, नातेवाइकांत हळूच पसरवलेली गोष्ट, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली केलेली बदनामी (हा प्रकार मंडळीत किती चालतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे), वर्षानुवर्षांचा अबोला. हक्क सोडायचा म्हणजे हे सगळं सोडायचं.

शब्द सुचत नसतील तर असे म्हणता येतील: ‘प्रभू, अमुक माणसाने माझ्याशी हे केलं. यामुळे माझं हे गेलं. ते चूक होतं आणि मला आजही दुखतं. याची परतफेड करण्याचा माझा हक्क मी आज तुझ्या हाती देतो. तू न्यायी आहेस आणि दयाळूही आहेस, त्याचं काय करायचं ते तू ठरव. माझं मन अजून मागे ओढतंय. मला धर.’ कागदावरचा एकेक अपराध घेऊन हे म्हणा, सगळ्यांचा एकच गठ्ठा करू नका. कागदाखाली तारीख घाला. शक्य असेल तर एका विश्वासू माणसासमोर हे करा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाच्या वेळी हा विषय धर्मगुरूंपुढे काढता येतो, इतर मंडळ्यांत पाळक किंवा एखादी वडीलधारी व्यक्ती चालेल. साक्षीदार हवा तो पुढच्या वाईट दिवसांसाठी.

त्याने माफीच मागितली नसेल तर क्षमा करायची का, असं इथे हमखास विचारलं जातं. वचनात दोन जागा आहेत. लूकच्या सतराव्या अध्यायात भावाने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर असं आहे. मार्कच्या अकराव्या अध्यायात मात्र, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, असं आहे, आणि तिथे अपराधी हजरही नाही. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. देवापुढे हक्क सोडणं हे माझं एकट्याचं काम आहे, त्यासाठी त्याच्या माफीची वाट पाहिली तर माझ्या मनाची किल्ली त्याच्याच खिशात राहते. नातं पुन्हा जोडणं हे दोघांचं काम आहे, आणि त्यात त्याचा पश्चात्ताप लागतोच.

चौथी पायरी: दुसऱ्या दिवशी सकाळी

रात्री मनापासून क्षमा केलेली असते. सकाळी उठल्यावर तोच राग तसाच बसलेला असतो, आणि माणूस म्हणतो, माझी क्षमा खोटीच होती. खोटी नव्हती. निर्णय झालेला आहे, भावना मागून येतायत. एव्हरेट वर्दिंग्टन या ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने क्षमेचे निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा असे दोन भाग पाडले. पहिली एका दिवशी होऊ शकते, दुसरीला काळ लागतो. हे केवळ अभ्यासाच्या खोलीतलं बोलणं नव्हतं. १९९६च्या नववर्षाच्या सुमारास घरफोडीत त्यांच्या आईचा खून झाला, आणि आपली मांडणी त्यांना स्वतःवर लावून पाहावी लागली.

हॉलंडच्या कोरी टेन बूम यांची साक्ष अनेकांनी ऐकली असेल. ज्यूंना घरात लपवल्याबद्दल नाझींनी त्यांना आणि बहीण बेट्सीला राव्हेन्सब्रूक छळछावणीत टाकलं. डिसेंबर १९४४ मध्ये बेट्सी तिथेच वारली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेवरच बोलून झाल्यावर त्या छावणीतला एक पहारेकरी पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. कोरींचा हात उचलेना. मनात प्रेमाचा लवलेश नव्हता. त्यांनी मनातल्या मनात मदत मागितली आणि हात यंत्रासारखा पुढे केला. भावना त्यानंतर आली. भावना येईपर्यंत त्या थांबल्या असत्या तर तो हात तसाच अधांतरी राहिला असता. मात्र ही घटना छळछावणीतून सुटून दोनेक वर्षं उलटल्यावरची आहे आणि तो पहारेकरी माफी मागायला आला होता, हेही ही साक्ष सांगणाऱ्यांनी गाळू नये.

पेत्राला मिळालेलं ‘सातांच्या सत्तर वेळा’ हे उत्तर आपण नव्या नव्या अपराधांसाठी आहे असं धरतो. मला वाटतं ते एकाच अपराधालाही लागू पडतं. एकच गोष्ट सत्तरदा आठवते, सत्तरदा सोडावी लागते. (उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख आपला सूड सत्त्याहत्तर पट असेल अशी फुशारकी मारतो. येशूच्या उत्तराने ती जुनी मोजणी उलटी फिरते.)

आठवण उसळली की काय करायचं? ती दाबू नका. ‘हो, हे झालं होतं, आणि याचा हक्क मी अमुक तारखेला देवाकडे दिला आहे’ एवढं स्वतःशी म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. तारीख घालायला सांगितलं ते यासाठी. मनातल्या मनात संवाद रंगायला लागले, म्हणजे मी असं म्हणेन, मग तो असं म्हणेल, की तिथे थांबा. तो सूडाचाच सराव असतो.

आणि त्या माणसासाठी प्रार्थना करा. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा हे डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगणं ऐकायला फार उदात्त वाटतं, करायला अगदी लहान जागेपासून सुरुवात करता येते. ‘त्याला आशीर्वाद दे’ म्हणवत नसेल तर म्हणू नका. ‘त्याला त्याचं पाप दिसू दे’ एवढंच म्हणा, तीही त्याच्या भल्याची प्रार्थना आहे. काही आठवड्यांनी त्याच्या मुलांसाठी, त्याच्या तब्येतीसाठी म्हणता येतं का बघा. रोज नको, आठवड्यातून एक ठरलेला वार पुरे. रोज त्याचंच नाव घेत बसलं की प्रार्थनेच्या निमित्ताने तोच पुन्हा मनात घर करतो.

बोलण्यावरही लगाम हवा. ज्या एकदोघांकडे मन मोकळं करायचं त्यांच्याकडे करा, बाकी प्रत्येक भेटीत ती कहाणी नव्याने सांगणं थांबवा. मात्र हा नियम साक्षीला लागू नाही. कोणाला त्या माणसापासून धोका असेल तर सांगणं हे कर्तव्य आहे.

पाचवी पायरी: त्याच्याशी बोलायचं का?

प्रत्येक वेळी नाही. ज्याने माफी मागितलेली नाही, ज्याला आपलं चुकलं असं वाटतही नाही, त्याला गाठून ‘मी तुला क्षमा केली’ असं सांगणं म्हणजे बहुतेक वेळा गोड शब्दांतला आरोप असतो. समोरचा भडकतो, आणि मग आपण म्हणतो, बघा, मी क्षमा केली तरी याचा स्वभाव! असली क्षमा देवापुढेच राहू द्या.

बोलायचं असेल तर मत्तय १८ मधली रीत धरा: एकांतात, आणि आधी अपराध सांगायचा. ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर तू मला चोर म्हणालास. ते खरं नव्हतं. त्यानंतर लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मला तुझ्याशी वैर ठेवायचं नाही, पण हे झालंच नाही असंही मी वागू शकत नाही.’ इतकंच. व्हॉट्सॲपवर नको, कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ज्याच्यापासून शारीरिक धोका आहे किंवा ज्याने लैंगिक अत्याचार केला आहे, त्याला एकांतात भेटण्याचा आग्रह या वचनाच्या आधारे कोणी धरला तर सरळ नकार द्या. भावाभावांतल्या अपराधाची ती रीत आहे. लहानग्यांना अडखळवणाऱ्यांसाठी त्याच अध्यायात काय म्हटलंय ते वर आलंच आहे.

येशूला महायाजकापुढे चौकशीत थप्पड बसली तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. दुसरा गाल पुढे करणं म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे, हे त्याच्याच वागण्यातून दिसतं.

माणूस वारला असेल तर? किंवा कुठे आहे ते माहीत नसेल तर? मग पत्र लिहा, जे टपालात जाणार नाही. त्यात राग आणि प्रेम दोन्ही येऊ द्या. वारलेल्या आईवडिलांविषयीची क्षमा पुष्कळदा अडते, कारण मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये अशी आपली समजूत असते. देवाला तो संकोच नको असतो.

विश्वासाचं खातं वेगळं

क्षमा केली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं पाहिजे, असं समजणाऱ्यांनी योसेफाची गोष्ट सावकाश वाचावी. सतराव्या वर्षी भावांनी त्याला विकलं. ते धान्यासाठी मिसरात आले तोवर वीसेक वर्षं गेली होती, आणि योसेफ तिथला मोठा अधिकारी झाला होता. योसेफाने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं होतं, कारण देवाने आपल्याला सगळ्या कष्टांचा विसर पाडला असं त्याला वाटत होतं. भावांचे चेहरे दिसताच तो विसर कुठल्या कुठे गेला, आणि आडोशाला जाऊन तो रडला. तरी त्याने लगेच ओळख दिली नाही. त्याने त्यांना पारखलं. बन्यामिनाच्या गोणीत पेला ठेवून तोच जुना प्रसंग त्यांच्यापुढे पुन्हा उभा केला: बापाचा लाडका धाकटा मुलगा गुलाम होतोय, तुम्ही काय करणार? आणि ज्या यहूदाने एकेकाळी योसेफाला विकायची कल्पना काढली होती, तोच पुढे होऊन म्हणाला, याच्याऐवजी मला ठेवून घ्या. तेव्हा कुठे योसेफाचा बांध फुटला.

योसेफाला काय हवं होतं ते लक्षात घ्या. भाव बदललेत का, हे त्याला बघायचं होतं. बदल शब्दांत दिसत नाही. त्याच परिस्थितीत माणूस वेगळा वागतो तेव्हा दिसतो. तुमच्या बाबतीतही हे विचारा: त्याने अपराधाचं नाव घेतलं का, की ‘काही चुकलं असेल तर माफ कर’ असं म्हणून मोकळा झाला? जे परत करता येईल ते परत केलं का? परिणाम भोगायला तयार आहे का, की ‘आता क्षमा केलीस ना, मग तक्रार मागे घे’ म्हणतोय? वेळ लागेल हे मान्य करतोय का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं नाही अशी आली तर थांबा.

दावीद आणि शौलाचं उदाहरण मला याहून उपयोगी वाटतं, कारण तिथे समेट झालाच नाही. दुसऱ्यांदा जीव वाचल्यावर शौल रडवेला होऊन म्हणाला, मी पाप केलं, माझ्या मुला दावीदा, परत ये. दावीदाने त्याचा भाला परत दिला, पण स्वतः नेऊन दिला नाही. तुमच्या माणसांपैकी कोणीतरी येऊन घेऊन जा, असं म्हणाला. त्यानंतर दावीद आपल्या वाटेने गेला आणि शौल आपल्या ठिकाणी परतला. सूड नाही, द्वेष नाही, आणि परत जाणंही नाही. पौलही आलेक्सांद्र तांबटाविषयी तीमथ्याला लिहितो, त्याने माझं फार वाईट केलं, प्रभू त्याची फेड करील, तूही त्याच्यापासून सांभाळून राहा. तोच पौल ज्या मार्काला एकदा सोबत न्यायला तयार नव्हता, त्याला त्याच पत्रात बोलावून घेतो, कारण तो उपयोगी ठरला होता. एकाच पत्रात एकासाठी दार उघडं आहे आणि एकापासून सावध राहायला सांगितलंय.

कायद्याकडे जाणं

गुन्हा झाला असेल तर तक्रार करणं आणि क्षमा करणं एकाच वेळी शक्य आहे. पौलाने रोमकरांच्या बाराव्या अध्यायात सूडाला मनाई केली आणि तेराव्यात लगेच म्हटलं, की वाईट करणाऱ्याला शासन करण्यासाठी अधिकारी देवाने नेमलेले आहेत. त्याने स्वतः आपलं रोमी नागरिकत्व पुढे करून फटके टाळले आणि कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि कुष्ठरुग्णांची सेवा तिथेच पुढे काही वर्षं चालू ठेवली. खटला मात्र चालला आणि शिक्षाही झाली. तुमच्या क्षमेने राज्याचं काम संपत नाही. पुढच्या बळीचं रक्षण हा तुमचा एकट्याचा हक्क नाही, की तो तुम्ही माफ करून टाकावा.

जमतच नसेल तर

वधस्तंभावर येशूने शिपायांकडे बघून ‘मी तुम्हाला क्षमा करतो’ असं म्हटलं नाही. तो बापाकडे वळला: हे बापा, त्यांना क्षमा कर. ज्याच्या तोंडून आज क्षमेचा शब्द निघत नाही त्यानेही हेच करावं. ‘मला जमत नाही. तू कर. आणि मला एक दिवस तुझ्या बाजूला आण.’ तेवढीही इच्छा नसेल तर, ‘मला इच्छा दे.’ क्षमा न करणाऱ्यांविषयी येशूने दिलेली ताकीद खरी आहे आणि मी ती पातळ करणार नाही. पण ती त्या चाकराला आहे ज्याने दार आपणहून बंद केलं. बंद दाराशी रडत बसलेल्यासाठी ती नाही. प्रभुभोजनाला जावं की नाही अशी टोचणी लागली असेल तर पाळकांशी बोला, गुपचूप मागच्या बाकावर सरकू नका.

झोप उडाली असेल, तेच प्रसंग डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहत असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित समुपदेशक गाठा. तो विश्वासाचा अभाव नाही. पाय मोडल्यावर आपण फक्त प्रार्थना करत नाही.

दुसऱ्याला क्षमा करायला सांगताना

तुम्ही पाळक, वडीलधारे किंवा मित्र असाल तर पहिल्या भेटीत हा शब्दच काढू नका. आधी पूर्ण ऐका. ‘झालं ते वाईट झालं, तुझ्यावर अन्याय झाला’ हे स्वच्छ म्हणा. बहुतेकांना हे वाक्य कोणाच्याच तोंडून मिळालेलं नसतं. ‘देवाची काही योजना असेल’ हे तर अजिबात नको. योसेफ तसं म्हणाला खरा, पण ते त्याने स्वतः म्हटलं, स्वतःच्या जखमेविषयी, वीसेक वर्षांनंतर. विहिरीत पडलेल्या मुलाला वर उभं राहून कोणी ते ऐकवलं नव्हतं. अपराधी आणि दुखावलेला दोघेही तुमच्याच मंडळीत असतील तर दोघांना एका खोलीत बसवून हातात हात द्यायला लावू नका, आणि अपराध्याच्या भेटीला निदान तितकाच वेळ द्या जितका दुसऱ्याला समजवायला देता. पश्चात्तापाचं काम त्याचं आहे, आणि ते त्याच्याकडून करून घ्यायला कोणीतरी त्याच्या दारात जायला हवं.